साहेबांच्या शब्दाला वजन कधी येतं? खुर्ची, कारण आणि ‘बघू’चा हिशेब

वैराग : समजा, बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागमध्ये एक पतसंस्था आहे. बारा कर्मचारी आणि एक शाखा व्यवस्थापक. रात्री पावणेदहाला व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्यवस्थापकांचा मेसेज येतो : ‘उद्या सकाळी ८ वाजता सर्वांनी हजर राहावे. कारणे चालणार नाहीत.’ पाच मिनिटांत बारा अंगठे उमटतात. सकाळी आठला शटरसमोर चारच जण उभे असतात.

ही पतसंस्था काल्पनिक आहे, पण असा मेसेज तुमच्याही फोनमध्ये सापडेल. बँकेची शाखा असो, दूध संकलन केंद्र असो, डाळमिल असो, शाळा असो की नगरपंचायतीचं कार्यालय, साहेबांनी सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली, पण काम झालं नाही, हा अनुभव सगळीकडचा आहे. व्यवस्थापक म्हणतात, ‘माणसं ऐकत नाहीत.’ कर्मचारी म्हणतात, ‘साहेब काही सांगतच नाहीत.’ दोघांचंही खरं असू शकतं का? समजून घेऊया.

थोडक्यात काय?

- पदामुळे आदेश देता येतो. शब्दाला वजन मात्र कमवावं लागतं.
- खरं कारण सांगितलं की मोठ्या विनंतीलाही होकार मिळण्याची शक्यता वाढते. पोकळ कारण तिथं कामी येत नाही.
- वाईट बातमी आणणाऱ्याला पहिलं उत्तर काय मिळतं, यावर पुढची बातमी येणार की दडणार हे ठरतं.

पद आणि वजन यांत फरक काय?

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एक मांडणी केली. एक माणूस दुसऱ्याचं का ऐकतो, याचे त्यांनी पाच आधार सांगितले. बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, पदाचा अधिकार, त्या विषयातलं ज्ञान आणि त्या माणसाबद्दल वाटणारा आदर किंवा आपलेपणा.

यातले पहिले तीन आधार नेमणुकीच्या पत्रासोबत येतात आणि बदलीच्या पत्रासोबत जातात. उरलेले दोन कुणी देत नाही. ते माणसाला स्वतः उभे करावे लागतात आणि खुर्ची गेली तरी ते त्याच्याकडे राहतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या एखाद्या मुख्याध्यापकांचा शब्द गावात आजही चालतो, तो याच दोन आधारांवर.

मराठीत हा फरक आधीपासून आहे. आपण ‘शब्दाला वजन आहे’ म्हणतो. शब्द देतो, शब्द टाकतो, शब्द पाळतो, शब्द खाली पडू देत नाही आणि कुणी शब्द फिरवला तर ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. या सगळ्या वाक्प्रचारांत शब्द म्हणजे एक व्यवहार आहे. त्यात जमा आणि खर्च दोन्ही आहेत. पुढचा सगळा हिशेब त्याचाच आहे.

हुकूम चालतच नसेल तर? बार्शीच्या रेल्वेचं उदाहरण

व्यवस्थापकाचं अर्धं काम अशा लोकांकडून करून घ्यायचं असतं जे त्याच्या हाताखाली नाहीत. वरिष्ठ कार्यालय, दुसरा विभाग, पुरवठादार, ग्राहक. तिथं अधिकार शून्य असतो. मग माणसं पटतात कशी? याचं एक उत्तर वैरागच्या शेजारी बार्शीत आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. मुख्य मार्गापासून आत असलेल्या गावांसाठी कमी खर्चाची अरुंद रेल्वे बांधता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे त्याने ही नोकरी सोडली. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट होतं. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला.

एवढ्या अरुंद रुळांवर मालाची खरी वाहतूक होईल का, ही शंका स्वाभाविक होती. कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं चाचणीचा रूळमार्ग टाकला, बार्शीसाठी बनवलेली इंजिनं आणि डबे त्यावर चालवले आणि पाहुण्यांना बोलावून ते दाखवले. शंका घेणाऱ्यांना डोळ्यांनी बघता येईल अशी सोय त्याने केली.

त्याच्या रचनेतली एक गोष्ट कुणाही अभियंत्याला आवडेल. इंजिन असो वा डबा, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम होता. इंजिन जड असेल तर चाकं वाढवायची, म्हणजे हलका रूळही तो भार पेलतो. आधी रूळ किती पेलेल ते पाहायचं आणि मग गाडी आखायची.

बोलण्याचंही तसंच आहे. समोरच्याला आत्ता किती पेलेल, हे न पाहता एकाच बैठकीत नवं सॉफ्टवेअर, नवं उद्दिष्ट आणि नवी वेळ असं सगळं लादलं की रूळ वाकतो. तेच तीन टप्प्यांत सांगितलं, एका टेबलावर आधी करून दाखवलं, तर गाडी पुढे सरकते.

लोखंडी नांगर शेतकऱ्याने का घेतला नाही?

दुसरं उदाहरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडामुळे जमीन बिघडते, अशी शेतकऱ्यांमध्ये समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्याला हुकूम सोडता येत नाही. त्याला पटावंच लागतं.

१९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं नियतकालिक सुरू झालं. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर मूळचे चित्रकार आणि जन्माने सोलापूरचे. कारखाना आणि त्याच्या मालाची माहिती मराठीतून देणारं हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिकही निघालं.

व्यवस्थापकाने यातून सातत्य उचलावं. गरज पडली की एकदाच जोरात सांगितलं, तर ते दबावासारखं वाटतं. काही मागायचं नसतानाही नियमित सांगत राहिलं, तर ओळख तयार होते. मग मागायची वेळ येते तेव्हा समोरचा अनोळखी राहिलेला नसतो.

‘कारण’ सांगितल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण त्यात एक मेख आहे.

एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठात झेरॉक्स मशीनजवळ उभ्या असलेल्या लोकांना, ‘मला आधी काढू द्याल का?’ असं विचारलं गेलं. पाचच पानं असताना नुसती विनंती केली तेव्हा ६० टक्के लोकांनी वाट दिली. ‘घाईत आहे’ असं कारण जोडलं तेव्हा ९४ टक्क्यांनी दिली. गंमत म्हणजे ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ असं काहीच न सांगणारं कारण दिलं तरी ९३ टक्के तयार झाले.

व्यवस्थापन प्रशिक्षणात हा किस्सा बहुतेक इथंच थांबतो. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. पानं वीस असताना नुसत्या विनंतीला २४ टक्के होकार मिळाले. पोकळ कारणालाही २४ टक्केच मिळाले. खरं कारण दिल्यावर मात्र तो आकडा ४२ टक्क्यांवर गेला.

म्हणजे विनंती छोटी असेल तर माणूस फार विचार न करता हो म्हणतो. ती महाग पडणार असेल, तर तो कारण तपासतो. हा प्रयोग अनोळखी लोकांवर झाला होता आणि ऑफिसात तर माणसं एकमेकांना रोज पाहतात. तिथं ‘वरून आदेश आहे’ हे वीस पानांचं पोकळ कारण फार काळ टिकत नाही.

मग तो मेसेज कसा लिहायचा?

सुरुवातीच्या पतसंस्थेकडे परत येऊ. समजा, दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षक येणार होते. मग मेसेज असा होऊ शकला असता :

‘उद्या साडेनऊला लेखापरीक्षक येणार आहेत. त्याआधी मार्चची व्हाउचर तारखेनुसार लावायची आहेत. दीड तासाचं काम आहे, म्हणून आठला या. कुणाला मुलांना शाळेत सोडायचं असेल तर आत्ताच फोन करा, दोघं जण साडेनऊला आले तरी भागेल. संध्याकाळी सगळे दीड तास लवकर निघू.’

मेसेज लांबला आहे, पण त्यात चार गोष्टी आहेत. काय करायचं, का करायचं, अडचण असेल तर काय आणि बदल्यात काय. ‘कारणे चालणार नाहीत’ हे वाक्य गेलं, कारण आता कारण साहेबांनीच दिलं आहे.

हा मेसेज पावणेदहाला न जाता संध्याकाळी पाचला समोरासमोर सांगितला गेला असता तर आणखी बरं झालं असतं. रात्रीच्या मेसेजला प्रश्न विचारता येत नाही. ग्रुपवर अडचण सांगायची म्हणजे बारा जणांसमोर सांगायची. म्हणून लोक अंगठा देतात आणि सकाळी येत नाहीत.

शब्द फक्त ७ टक्के, बाकी देहबोली : हे खरं आहे का?

नाही. ‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५’ हे आकडे जवळपास प्रत्येक शिबिरात ऐकायला मिळतात. ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या अभ्यासांतून आले आहेत. त्या अभ्यासांचा विषय मर्यादित होता. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, ही भावना ऐकणाऱ्याला कशावरून कळते, हे त्यात एकेका शब्दाच्या आधारे तपासलं होतं. हे सूत्र सगळ्या संवादाला लागू नाही, असं स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं आहे.

साधी परीक्षा करून पाहा. लेखापरीक्षक कधी येणार आणि कोणत्या महिन्याची व्हाउचर लावायची, हे केवळ हावभावांनी सांगून दाखवा. आवाज आणि चेहरा महत्त्वाचे आहेतच, विशेषतः शब्द एक सांगत असताना चेहरा दुसरं सांगत असेल तेव्हा. पण म्हणून शब्दांवरची मेहनत वाचत नाही.

वाईट बातमी साहेबांपर्यंत का पोहोचत नाही?

इथं थोडं स्वतःबद्दल सांगतो. अभियांत्रिकी झाल्यावर मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात वर्षभर प्रशिक्षणार्थी होतो. आमचे वरिष्ठ रोज सकाळच्या बैठकीत एक वाक्य म्हणायचे, ‘माझ्याकडे प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या.’ ऐकायला ते भारी वाटायचं.

एकदा आमच्या लाइनवरचं एक मोजमापाचं गेज भरकटत असल्याची मला शंका आली. तोच भाग दोनदा मोजला की दोन आकडे यायचे. माझ्याकडे उपाय नव्हता, म्हणून मी दोन दिवस गप्प बसलो. तोपर्यंत माल गेला होता. ग्राहकाने तो अडवला, आम्ही दोन रात्री जागून एकेक भाग निवडला. तिसऱ्या दिवसापासून त्या मशीनवरचा कंत्राटी मुलगा कामावर आला नाही. त्याला थांबवलं होतं. चूक गेजची होती आणि गप्प बसण्याची माझी. त्याची नव्हती. हे मी तेव्हा बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं.

त्या वरिष्ठांचा हेतू चांगला असेल. मुलांनी विचार करावा, एवढंच त्यांना सांगायचं असेल. पण माझ्यापर्यंत पोहोचला तो अर्थ वेगळा होता. उपाय नसेल तर तोंड उघडू नकोस.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक उलटी वाटणारी गोष्ट दिसली. चांगलं नेतृत्व असलेल्या पथकांत औषधं देण्यातल्या चुकांची नोंद जास्त होती. ही पथकं चुका जास्त करत होती असं नव्हे, तर तिथं चुका बोलल्या जात होत्या. १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधाने यालाच ‘मानसिक सुरक्षितता’ या नावाने ओळख मिळवून दिली. त्याचा साधा अर्थ असा की इथं खरं बोललं तर आपली फजिती होणार नाही, याची खात्री.

म्हणून एखाद्या ऑफिसात तक्रारच येत नसेल, तर साहेबांनी खूश होण्याआधी एकदा तपासावं. तक्रार नाही, की तक्रार सांगायला जागा नाही?

‘बघू’ महाग का पडतं?

मराठी ऑफिसातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द बहुधा ‘बघू’ असावा. रजा मागितली, बघू. पंखा बंद आहे, बघू. पगारवाढीचं काय झालं, बघू. बोलणाऱ्याला वाटतं, आपण नाही म्हटलेलं नाही. ऐकणारा मात्र ‘नाही’ असंच समजतो. वर, साहेबांनी तोंडावर सांगितलंही नाही, हे वेगळं लक्षात ठेवतो.

त्यापेक्षा तीन उत्तरं बरी. ‘हो.’ ‘नाही, कारण अमुक.’ किंवा ‘आत्ता सांगता येत नाही, गुरुवारी सांगतो.’ तिसरं उत्तर दिलं असेल तर गुरुवारी निर्णय झालेला नसला तरी जाऊन तेवढंच सांगायचं. ‘अजून वरून उत्तर आलं नाही, सोमवारपर्यंत थांबा.’ शब्दाचं वजन अशाच छोट्या गुरुवारांवर वाढतं किंवा उतरतं.

‘अरे’ की ‘अहो’?

मराठीत समोरच्याला हाक मारताच त्याची जागा ठरते. क्लार्कला ‘अहो’ आणि वयाने मोठ्या शिपायाला ‘अरे’, ही तफावत सगळे ऐकत असतात. प्रेमाचं ‘अरे’ वेगळं आणि पदाचं ‘अरे’ वेगळं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. चारचौघांत ‘अहो’ आणि चूक सांगायची असेल तर केबिनमध्ये, एवढं पाळलं तरी बरंच साधतं. कौतुक मात्र चारचौघांत करावं आणि नेमकं करावं. नुसतं ‘छान काम’ म्हणण्यापेक्षा ‘परवा त्या आजींना पासबुक समजावून सांगितलंत, ते चांगलं केलंत’ हे लक्षात राहतं.

ऑफिसची मांडणीही बोलते का?

हो. सोलापूरला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची मांडणी आणि कामाची विभागणी बदलली. कोणाकडे कोणतं काम आहे, हे आलेल्या माणसाला दिसावं आणि कागद शोधल्यावर सापडावा, हा त्यातला विचार होता. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव आजही सरकारी कार्यालयांत ऐकू येतं. न बोलता दिलेला तो संदेश होता. इथं लपवण्यासारखं काही नाही.

गोड बोलून सगळं सुटतं का?

सुटत नाही. तीन महिने पगार थकला असेल, तर सुंदर मेसेजने तो भरून निघत नाही. उलट अशा वेळी गोड बोलणं अधिक बोचतं. बोलणं हा हक्कांना पर्याय नाही. म्हणूनच कायद्यातही त्याची सोय केलेली आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणं अपेक्षित आहे आणि तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असावे लागतात. साहेब चांगले असोत वा नसोत, तक्रारीला दार असलं पाहिजे.

पटवणं आणि गुंडाळणं यांत फरक आहे. ओळखायची खूण सोपी आहे. आपण कारण सांगितलं ते खरं होतं का, आणि समोरच्याने उद्या ते तपासलं तर चालेल का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर ते पटवणं.

सोमवारपासून काय करता येईल?

१. कोणतंही काम सांगताना ‘म्हणून’ हा शब्द वापरा. त्याच्या आधी लिहायला काही सुचत नसेल, तर ते काम खरंच आत्ता हवं आहे का, हे स्वतःला विचारा.

२. बैठकीत आधी सर्वांत कनिष्ठ माणसाला बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांचंच वाक्य फिरवून बोलतात.

३. कुणी अडचण घेऊन आलं तर पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंत’ असू द्या. ‘कुणाची चूक?’ हा प्रश्न नंतर.

४. दिलेले शब्द वहीत लिहा. कुणाला, काय आणि कधीपर्यंत. शनिवारी वही उघडा.

५. सूचना मान्य झाली नाही तरी ज्याने दिली त्याला जाऊन सांगा, का मान्य झाली नाही ते. पुढची सूचना त्यावर अवलंबून आहे.

यातल्या एकाही गोष्टीला इंग्रजी बोलता यावं लागत नाही, की पुण्या-मुंबईचं शिबिर करावं लागत नाही.

आता त्या पतसंस्थेचा शेवट. समजा, दुसरा मेसेज गेला, अकरा जण आठला आले, एकीने फोन करून साडेनऊची वेळ घेतली. व्हाउचर लागली, लेखापरीक्षक आले आणि गेले. संध्याकाळचे साडेचार वाजले. टेबलावर काम अजून पडलेलं आहे. ‘दीड तास लवकर निघू’ हा शब्द साहेबांना आठवतो आहे का, याकडे बारा जणांचं लक्ष आहे. पुढच्या वेळी आठ वाजता किती जण येतील, ते साहेब आता काय करतात त्यावर ठरणार आहे.